खंडेनवमीची गोलकीपर

माझ्या नाकावर राग असतो, हे आमच्या संस्थेतल्या सगळ्या मुलींना पाठ आहे. नवीन मुलगी आली की जुनी तिला पहिल्याच दिवशी कानात सांगते, "विजयश्रीताई ओरडल्या तर घाबरायचं नाही, बॉलकडे बघायचं." मला हे कळलं तेव्हा मी त्यावरूनही ओरडले होते.

संस्थेचं नाव 'पुढची फळी'. पिंपळे गुरव, कासारवाडी, संत तुकाराम नगरच्या मागची वस्ती अशा भागांतल्या मुलींना आम्ही हॉकी शिकवतो. बहुतेकींचे आईबाप लातूर, धाराशिव, बीडकडून कामासाठी आलेले. एक खोली, त्यात पाच माणसं, आणि बापाची रात्रपाळी असली की दिवसभर घरात कुणी आवाज करायचा नाही. अशा घरातल्या पोरीला मोकळं मैदान दाखवलं की ती पहिले काही दिवस नुसती ओरडत पळते. मी पळू देते. स्टिक नंतर हातात येते.

लोक मला त्यागी वगैरे म्हणतात. कसला त्याग! मी राज्याच्या संघातून खेळले, मग एका कंपनीत क्वालिटीला होते, तिथल्या साहेबाशी माझं पटेना म्हणून बाहेर पडले. आता सकाळी साहेब नसतो आणि मैदानभर पोरी माझं ऐकतात. यात मी काय सोडलं ते मला अजून कळलेलं नाही. मुख्याध्यापक, नगरसेवक, कंपन्यांचे मॅनेजर, पोरींचे काके-मामे, सगळ्यांना पटवायचं काम माझ्याकडे. शिकवायचं काम केयूरकडे. तो ताथवड्याच्या कॉलेजात शिकला, नोकरी आयटीत करतो आणि पहाटे व सुट्टीच्या दिवशी आमचा कोच असतो. तो कधीच ओरडत नाही, त्यामुळे आमचं चांगलं जमतं.

गोष्ट आहे तनुजाची. दहावीतली, आमची गोलकीपर. गोलकीपर व्हायला पोरी तयार नसतात. अंगावर येणारा बॉल चुकवायचा हे माणसाला उपजत असतं आणि गोलकीपरला नेमकं उलट करायचं असतं. तनुजा पहिल्या दिवसापासून बॉलच्या वाटेत उभी राहायची. केयूर म्हणाला, "ताई, ही शिकून आलेली नाही, अशीच आली आहे."

तिचे वडील ज्योतीराम भोसरीच्या एका फाउंड्रीत भट्टीवर काम करतात. मूळ गाव औशाकडे. पोरगी पायाला एवढाली पॅडं बांधून, पाय फाकवून गोलात उभी राहते, हे त्यांनी एकदा रस्त्यावरून जाताना पाहिलं आणि वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. मी घरी गेले की ते भिंतीकडे तोंड करून झोपायचे. रात्रपाळी नसली तरी झोपायचे. तनुजाची आई शालनताई चहा द्यायच्या आणि म्हणायच्या, "खेळू द्या वो, दहावीपसवर. मग हायेच चाकण." चाकणला तनुजाची मावसबहीण एका कंपनीत पॅकिंगला आहे. तिथल्या मुकादमाला शालनताईंनी शब्द टाकून ठेवला होता. दहावीचा पेपर संपला की तनुजा पिवळी टोपी घालून कंपनीच्या बसमध्ये बसणार, हे त्या घरात ठरलेलं होतं. पॅकिंगच्या कामाला नाक मुरडायची माझी इच्छा नाही. पण असली गोलकीपर खोक्यांना टेप लावत बसणार, हा विचार आला की माझं डोकं फिरायचं.

वाट एकच होती. एक निवासी क्रीडा अकादमी आमच्या भागातल्या स्पर्धा बघून मुली निवडते. राहणं, जेवण, शाळा, सराव सगळं त्यांचं. यंदा त्यांना गोलकीपर हवी होती, एकच. त्यांची निवड समिती जिल्ह्याच्या फायनलला येणार होती आणि आम्ही फायनलला पोचलो होतो. मी मनातल्या मनात तनुजाची बॅगसुद्धा भरून ठेवली होती.

त्यात नवरात्रात एक आक्रीत घडलं. ज्योतीराम आपणहून आमच्या ऑफिसात आले. ऑफिस म्हणजे मैदानाजवळचा एक गाळा. दारात उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, पोरीचं ते सामान द्या की जरा."

"कसलं सामान?"

"पॅड, टोपडं, हातमोजे, काठी. नवमीला खात्यात पूजा असती आमच्या. आमी आमची सांडशी, पाने, समदं मांडतो. तिचंबी ठेवतो म्हणलं. तिचं हत्यार हाय ते."

ज्या माणसाने वर्षभर मला पाठ दाखवली, तो माझ्या दारात उभा राहून पोरीच्या पॅडला हत्यार म्हणत होता. मला कुणी पुरस्कार दिला असता तरी एवढा आनंद झाला नसता. मी खुर्चीवरून उठून स्वतः ती मोठी बॅग काढली. केयूर हळूच म्हणाला, "ताई, किट एकच आहे आपल्याकडे. फायनल तोंडावर आलीय."

"फायनल दसऱ्यानंतर आहे," मी म्हणाले. "नवमीला पूजा, दसऱ्याला सोनं, मग किट परत. तू गप्प बस जरा."

तो गप्प बसला. त्याने बसायला नको होतं.

अष्टमीच्या संध्याकाळी स्पर्धावाल्यांचा निरोप आला. फायनल उद्या, नवमीला दुपारी. का, तर बक्षीस द्यायला येणारे पाहुणे दसऱ्यानंतर परगावी जाणार. मी फोन लावला आणि त्या गृहस्थांना विचारलं, पाहुणे सेंटर फॉरवर्डला खेळणार आहेत का. ते म्हणाले, "ताई, तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगा, समोरच्या संघाला विजयी घोषित करू." निवड समितीलाही उद्याचाच निरोप गेला होता. मग मी आणखी बरंच बोलले, त्याचा काही उपयोग झाला नाही.

ज्योतीराम तेव्हा रात्रपाळीला गेले होते. भट्टीच्या खात्यात मोबाइल चालत नाही. शालनताईंना फोन केला तर त्या निवांत होत्या. "सकाळी पूजा हाय, घरच्या समद्यांना बोलावतेत कंपनीत. आमी येणारच हाव. तुमीबी या."

मी ठरवलं, पूजा सुरू व्हायच्या आत पोचायचं, किटला हळदीकुंकू लावायचं आणि उचलून मैदान गाठायचं. ठरवायला काय जातं! खंडेनवमीच्या सकाळी भोसरीतून स्कूटर काढून बघा. प्रत्येक गॅरेजवाल्याने आपली कॉम्प्रेसर मशीन रस्त्यावर आणून धुवायला घेतलेली, टेम्पोंना केळीचे खुंट बांधलेले, चौकाचौकात झेंडूचे ढीग आणि ते घ्यायला आडवी लावलेली गाडी. मी हॉर्न वाजवून वाजवून दमले. फाउंड्रीच्या गेटवर पोचले तेव्हा आत घंटा वाजत होती. वॉचमनने माझ्या डोक्यावर हेल्मेट ठेवलं, हातात पेढा ठेवला आणि म्हणाला, "जा ताई, आरती झालीच बघा."

कारखान्याचा तो दिवस ज्याने पाहिला नाही त्याला सांगून कळणार नाही. एरवी जिथे बाईमाणूस दिसत नाही, तिथे नऊवारीतल्या आज्या क्रेनकडे माना वर करून बघत होत्या. नवीन फ्रॉक घातलेल्या मुली फोर्कलिफ्टवर बसून फोटो काढत होत्या. प्रत्येक मशीनवर कुंकवाचं स्वस्तिक, प्रत्येक मशीन बंद. आणि टोकाला भट्टीचं खातं. तिथे एका पाटावर लाल कापड घालून सांडशा, पाने, हातोडे मांडले होते आणि मधोमध तनुजाचं किट होतं. हेल्मेटला झेंडूची माळ, दोन्ही पॅडांवर हळदीकुंकवाची बोटं, हातमोज्यांत एकेक नारळ. ज्योतीरामांनी आपली हत्यारं कडेला ठेवली होती आणि पोरीची मध्ये.

मला रडू आलं. माझ्यासारखीला येतं, कधीकधी.

ज्योतीराम रात्रपाळी करून तिथेच थांबले होते. आंघोळ करून टोपी घातली होती. मला बघून एवढे खूश झाले की दोन्ही हातांनी प्रसाद द्यायला लागले. "ताई, बघितलंव का? सायबानं बी इचारलं, हे कुणाचं हाय म्हणून. मी म्हणलं, माझ्या लेकीचं." पहिल्यांदा त्यांनी मला मॅडम न म्हणता ताई म्हटलं होतं. आणि नेमकं तेव्हाच मी त्यांना फायनल आज असल्याचं सांगितलं.

त्यांनी ऐकून घेतलं. समितीचं, एकाच जागेचं, सगळं. मग म्हणाले, "न्हाई जमणार."

"ज्योतीरामभाऊ, संध्याकाळी परत आणून ठेवते. तशीच मांडते."

"पूजेला बसलेलं हत्यार दसऱ्याबिगर उचलत न्हाईत."

"बरं, मग हे राहू दे. मी खडकीहून दुसरं किट मागवते. ओळखीचा क्लब आहे."

"कुणाचंबी असू दे. आज हत्यार हातात धरायचं न्हाई. आज त्येचा इसाव्याचा दिस हाय."

माझा पारा चढायला लागला. मी म्हणाले की हा दिवस गेला तर पुढचं वर्ष नाही, पुढच्या वर्षी तनुजाचं वय बसत नाही, देव एवढा कोता नसतो. आवाज वाढला असावा, कारण दोनचार माणसं बघायला लागली. शालनताई मध्ये पडल्या. "जाऊ द्या ताई. नशिबात नसल. चाकणचं हाय की आपलं."

तेव्हा ज्योतीरामांनी उजवा हात वर केला. त्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नाही. मी तो हात इतकी वर्षं बघत होते आणि भट्टीचं काम म्हटलं की हे आलंच, असं धरून चालले होते.

"हे भट्टीनं न्हाई गेलं," ते म्हणाले. "गावाकडनं नवा आल्तो. एका शेडात प्रेसवर होतो. नवमीचा दिस, पूजा झालेली, अन मालकानं म्हणलं अर्जंट माल हाय, चालू करा. बाकीचे म्हणाले न्हाई. मला वाटलं, नवं हाव, कामून नाराज करावं? हार बाजूला सारला अन बसलो. घंटाभरात गेली बोटं." त्यांनी हात खाली घेतला. "पोरगी बॉलपुढं हात घालती, ताई. मी बघतो की. आज न्हाई घालू देणार."

मला माणसाच्या हट्टाशी भांडता येतं, अडाणीपणाशी तर फारच छान भांडता येतं. पण हा माणूस पोरीच्या बोटांसाठी घाबरला होता. त्याला खोटं कसं पाडणार? पूजेतून किट ओढून नेलं असतं तर कदाचित सामना झालाही असता, पण ज्या हातांनी त्याने ते पाटावर मध्ये ठेवलं होतं, ते हात मला पुन्हा मिळाले नसते. मी केयूरला फोन करून सांगणार होते की गोलकीपरशिवाय उतरा, होईल ते होईल.

तनुजा इतका वेळ आईच्या मागे उभी होती. नवीन पंजाबी ड्रेस, केसात गजरा. मैदानावर ती अख्ख्या बचाव फळीवर आवाज टाकते, पण वडिलांसमोर मी तिला कधी तोंड उघडताना पाहिलं नव्हतं.

ती म्हणाली, "बाबा, भट्टी चालू हाय ना?"

ज्योतीरामांनी तिच्याकडे पाहिलं.

"समद्या मशीन बंद हायत. भट्टी चालू हाय. आरती केली तवा मला धग लागली. तिला हार घातलाय तुमी, नारळ फोडलाय. मग ती कामून बंद केली न्हाई?"

"ती बंद करत नसतेत," ते म्हणाले. "एकदा थंड पडली की आतलं अस्तर तडकतं. मग पुन्हा भट्टी उभी करायला लई दिस जातेत."

"मग तिची पूजा झाली का न्हाई?"

"झाली की."

"चालू असतानाच झाली ना? तिला चालत असंल तर मला कामून चालत न्हाई? मीबी आज थंड पडले तर पुन्हा उभी न्हाई राहणार, बाबा. चाकणला गेले की झालं. मला म्हाईत हाय." तिने मान खाली घातली नाही. "तुमी प्रेसवर बसलाव, तवा तुमचं मन नव्हतं. मालकासाठी बसलाव. मला कुणीबी बस म्हणलेलं न्हाई. मला खेळायचं हाय."

मी माझ्या आयुष्यात पुष्कळ भाषणं दिली आहेत. कंपन्यांच्या एसी हॉलमध्ये दिली आहेत, पडद्यावर चित्रं दाखवून. मुलींना स्वतःचा आवाज सापडतो वगैरे मी दर वेळी म्हणते आणि लोक टाळ्या वाजवतात. तो आवाज असा माझ्यासमोर, भट्टीच्या खात्यात, औशाच्या बोलीत सापडेल असं मला वाटलं नव्हतं.

ज्योतीराम भट्टीकडे वळून बघत राहिले. तिथे त्यांचा एक सोबती हातमोजे घालून उभा होता. सण असला तरी त्याची पाळी होती. घरची माणसं त्याला लांबूनच हात करत होती.

"भट्टी चालू ठेवतेत," ज्योतीराम हळू म्हणाले, "पर एकटी सोडत न्हाईत. समोर माणूस लागतो. डोळा काढायचा न्हाई तिच्यावरनं."

"मग या ना," तनुजा म्हणाली.

त्यांनी टोपी नीट केली. पाटासमोर बसले, तबकातल्या अक्षता घेतल्या, डोळे मिटून बराच वेळ काहीतरी पुटपुटले आणि अक्षता फक्त किटवर टाकल्या. आपल्या सांडशीला, पान्याला हात लावला नाही. हातमोज्यांतले नारळ काढून पाटावर ठेवले, हेल्मेटची माळ उतरवून पोरीच्या गळ्यात घातली आणि बॅग स्वतःच्या खांद्यावर घेतली. "चला," ते मला म्हणाले. "कुठं हाय तुमचं मैदान?" आमचं मैदान त्यांच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून होतं आणि फायनलचं टर्फ नेहरूनगरला. दोन्ही त्यांना पक्कं माहीत होतं, पण मी गुपचूप पत्ता सांगितला.

सामना सुरू झाला तेव्हा ज्योतीराम आमच्या गोलच्या मागे जाळीला धरून उभे होते. रात्रपाळीवरून सरळ आलेला माणूस, अनवाणी, कारण नवरात्रात कंपनीबाहेर ते चप्पल घालत नाहीत. मी खुर्ची दिली तर म्हणाले, "बसून कसं चालंल?" शालनताई मात्र बसल्या आणि शेजारणीला सामना समजावून सांगायला लागल्या. त्यातलं एक अक्षर बरोबर नव्हतं.

समोरचा संघ तगडा होता. एका मोठ्या इंग्रजी शाळेच्या मुली, सगळ्यांचे बूट एकसारखे. आमच्या पोरींनी पहिल्या पाच मिनिटांत त्यांना दमात घेतलं आणि दुसऱ्या सत्रात गोलही केला. मी एवढी ओरडले की माझा आवाज गेला. मग त्या मुली चिडल्या आणि बॉल आमच्या अर्ध्यातच राहायला लागला. तनुजाच्या पॅडांवरचं कुंकू टर्फच्या पाण्याने ओघळलं होतं. तिने एक अडवला, दुसरा पायाने बाहेर मारला, तिसऱ्याला आडवी पडली. निवड समितीच्या बाई टोकाला बसल्या होत्या. त्यांचा चेहरा बघून काही कळत नव्हतं. मी तो दर मिनिटाला बघत होते.

शेवटच्या सत्रात पेनल्टी कॉर्नर लागला. त्यांच्या कॅप्टनने असा फटका मारला की बॉल मला दिसलाच नाही. मला दिसला तो तनुजाचा उजवा हात बाहेर गेलेला आणि बॉल खांबाजवळून बाहेर उडालेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तनुजाने हात झटकला, एकदा, आणि दुसऱ्या हाताने पकडला.

दुसऱ्याच क्षणी ज्योतीराम मैदानात होते.

जाळीला वळसा घालून ते ओल्या टर्फवरून अनवाणी धावत आले. अंपायरने शिट्टी वाजवली, पुन्हा वाजवली. समोरच्या संघाचा कोच ओरडायला लागला. केयूर "भाऊ, भाऊ" करत पळाला. मी कपाळावर हात मारला, कारण सामन्यात बाप मैदानात घुसला की काय होतं याचे नियम मला चांगले माहीत होते आणि समितीच्या बाई आता उभ्या राहिल्या होत्या. ज्योतीरामांना यातलं काही ऐकू आलं नाही. त्यांनी तनुजाच्या हातातला मोजा काढला. तिचा पंजा आपल्या तीन बोटांच्या हातात घेतला आणि एकेक बोट दाबून पाहिलं. अंगठा, मग तर्जनी, मग मधलं. करंगळीपर्यंत.

"हायत बाबा," तनुजा म्हणाली. "समदी हायत."

त्यांनी पुन्हा एकदा पाहिलं. मग मोजा उचलला, त्यातलं पाणी झटकलं, तिच्या हातात घातला आणि पट्टा घट्ट आवळला. त्या हाताने पट्टा आवळायला त्यांना थोडा वेळ लागला. अंपायर जवळ येऊन उभी होती. ती तरुण मुलगी होती. तिने शिट्टी तोंडातून काढली आणि पट्टा लागेपर्यंत थांबली.

"अडव आता," ज्योतीराम म्हणाले आणि परत जाळीमागे जाऊन उभे राहिले.

तिने अडवले. त्यानंतर आलेले सगळे अडवले. आम्ही एका गोलने जिंकलो. पोरी एकमेकींच्या अंगावर पडल्या, केयूर खाली बसून राहिला आणि मी, माझा आवाज गेलेला असताना, कुणावर तरी ओरडायचं म्हणून केयूरवर ओरडले.

समितीच्या बाई माझ्याकडे आल्या. मी माफी मागायच्या तयारीत होते. त्या म्हणाल्या, "गोलकीपर आम्ही घेतो. हात दुखत असताना ती पुढच्या बॉलला त्याच हाताने गेली. दिवाळीनंतर लगेच पाठवावी लागेल. घरचे सोडतील ना?"

मी म्हणाले, "मला विचारू नका, त्यांना विचारा," आणि ज्योतीरामांकडे बोट दाखवलं.

बाईंनी त्यांना सगळं सांगितलं. कुठे राहायचं, घरी कधी येता येईल, किती वर्षं. ज्योतीराम ऐकत होते. तनुजा हेल्मेट काखेत धरून उभी होती आणि आईकडे बघत होती, कारण चाकणचा शब्द आईने दिलेला होता. शालनताईंनी पदराने तोंड पुसलं. मग पिशवीतून मोबाइल काढला, नंबर लावला आणि सगळ्यांसमोर, मोठ्या आवाजात म्हणाल्या, "मुकादम, ते पॅकिंगचं बोलले होते बघा मी, पोरीचं. ती येणार न्हाई. दुसरी बघा." पलीकडून काहीतरी विचारलं असावं. शालनताई लेकीच्या कुंकू ओघळलेल्या ओल्या पॅडांकडे बघून म्हणाल्या, "तिला काम लागलंय."